माजी विद्यार्थ्यांचा सत्कार: पदाचा की कामाचा?

काळीमाती
आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थी संघाची कालची पोस्ट: २५ डिसेंबरला मैदानावर सात जणांना 'विद्यालयभूषण' देणार. दोन सनदी अधिकारी, एक माजी आमदार, दोन डॉक्टर, एक बांधकाम व्यावसायिक, एक अमेरिकेतला अभियंता. वर मथळा 'नेतृत्व आणि सेवेचा गौरव'.

यात सेवा कुठं आहे ते मला कुणीतरी सांगा. पद मिळणं हा एका परीक्षेचा किंवा एका निवडणुकीचा निकाल झाला. पदावर बसून कुणासाठी काय केलं, याचं एक वाक्य पोस्टमध्ये नाही. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तसल्या उन्हाळ्यात टँकरच्या खेपा खऱ्या लिहिणारा ग्रामसेवक, उपकेंद्रात वीस-पंचवीस वर्षं बाळंतपणं करणारी परिचारिका, तांड्यावरची वस्तीशाळा टिकवणारा मास्तर, यांचा अर्ज कुणी मागवला? अर्जच नव्हता. नावं ग्रुपवर ठरली.

आणि हा भाग मराठवाड्यातला आहे, ते तरी आठवा. निजामाच्या राज्यात शिक्षण उर्दूतून होतं, तेव्हा इथं शाळा काढून ती चालवणं हेच नेतृत्व होतं. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ची. स्वामी रामानंद तीर्थ तिथं शिकवत होते, नंतर अंबाजोगाईला. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं पुढारपण वर्गातून आलं. लेखक-विचारवंत नरहर कुरुंदकर गुरुजी कॉलेजात जाण्याआधी नांदेडला हायस्कुलात शिकवायचे. आणि आपल्या यादीत एकही शिक्षक नाही. सातात एक बाईही नाही.

गोदाकाठ
एवढं चिडायचं कारण मला पटत नाही. ज्या लेकराचा बाप चौथी शिकलाय, त्याला याच बाकावर बसलेला कलेक्टर समोर दिसला तर फरक पडतो. पद डोळ्यांना दिसतं, त्याचाच उपयोग असतो. सेवा दाखवायची म्हटलं तर अर्धा तास समजावून सांगावं लागतं.

दुसरं, प्रयोगशाळेचं छत गळतंय. वेतनेतर अनुदान किती येतं आणि कधी येतं ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. मोठी नावं मंचावर असली की देणगी येते. ग्रामसेवकाच्या सत्काराला कोण पैसे देणार?

काळीमाती
म्हणजे देणगीदार शोधताय. मग कार्यक्रमाला देणगीदारांचा मेळावा म्हणा, माझी काही हरकत नाही. सेवेचं नाव कशाला घेता?

ऊसतोड_पट्टा
तुम्ही दोघंही 'लेकरांसाठी' म्हणताय आणि तारखेकडं कुणीच बघत नाही. २५ डिसेंबरला नाताळची सुट्टी. त्याहून मोठी गोष्ट, धारूर, केज, वडवणी, पाटोदा या बीडच्या सगळ्या पट्ट्यातली ऊसतोडीची कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर कारखान्यावर जातात, ती मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. हंगामी वसतिगृहात काही मुलं राहतात, बाकीची आईबापांबरोबर उसाच्या फडात. ज्यांच्यासाठी हा कलेक्टर आणायचा तीच मुलं त्या दिवशी शाळेत नाहीत. कार्यक्रम जून ते दसरा यातच बसवा. सप्टेंबरअखेर सोयाबीन काढणीला येतं, तेव्हा मोठी मुलं रानात असतात. उरतात जुलै आणि ऑगस्ट.

तिसरी_घंटा
१७ सप्टेंबर घ्या. मुक्तिसंग्राम दिन, शाळा भरलेलीच असते, झेंडावंदन असतंच.

काळीमाती
१७ सप्टेंबर नाही. तो दिवस हुतात्म्यांचा आहे. त्या झेंड्याखाली बांधकाम व्यावसायिकाला शाल घालणार का?

तिसरी_घंटा
ठीक, तो दिवस राहू द्या. पण वेळेचा हिशेब मांडा. एका सत्कारमूर्तीचा परिचय ५ मिनिटं, शाल-श्रीफळ-मानपत्र-फोटो ३ मिनिटं, मनोगत १० मिनिटं. सातजणांचे १२६ मिनिटं. त्यात स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचं भाषण, आभार. तीन तास झाले. त्यात पाहुणे तासभर उशिरा. नववी-दहावीची मुलं सकाळी ९ पासून सतरंजीवर, पाण्याची सोय मंडपाच्या मागं. पहिल्या दोघांनंतर कुणी ऐकत नाही.

तीनच जण घ्या. परिचय छापून आधीच वर्गात वाटा आणि मंचावर वाचू नका. मनोगत ७ मिनिटं. त्यानंतर प्रत्येकाला एका वर्गात पूर्ण तास द्या, शिक्षक मागं बसतील, मुलं प्रश्न विचारतील. प्रश्न आदल्या दिवशी चिठ्ठ्यांवर लिहून घ्या, नाहीतर ऐनवेळी कुणी हात वर करत नाही. मानपत्राचा मजकूर छापायच्या आधी त्या व्यक्तीकडून तपासून घ्या. नावाची, गावाची, दहावीच्या वर्षाची चूक दरवेळी होते आणि ती काचेच्या चौकटीत कायमची बसते.

गोदाकाठ
हे जमण्यासारखं आहे. पण बायका नाहीत म्हणून संघाला दोष देऊ नका. शोधल्या, सापडल्या नाहीत. लग्नानंतर आडनाव बदलतं, कित्येकींचं पहिलं नावही बदलतं. कुठं शोधणार?

मांजराकाठची
कुठं शोधलं? फेसबुकवर? फेसबुकवर सासरचं नाव असतं. शोध शाळेच्या जनरल रजिस्टरपासून, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीपासून सुरू करायचा. त्यात मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मगाव, दाखल झाल्याची आणि खारीज झाल्याची, म्हणजे शाळा सोडल्याची तारीख असते. तेच वडिलांचं नाव, तेच आडनाव, तेच गाव मागच्या-पुढच्या दहा वर्षांत शोधा. बहुतेक घरांत भाऊही याच शाळेत शिकलेला असतो. भाऊ गावातच असतो, किंवा त्याचा नंबर गावात मिळतो. भावाला फोन केला की बहीण सापडते. भाऊ नसेल तर जन्मगावच्या आशाताईंना किंवा अंगणवाडीत विचारा, माहेरपणाला आलेल्या लेकी त्यांना ठाऊक असतात. एका बॅचला दोन माणसं लागतात. हे केलं नाही आणि 'सापडल्या नाहीत' म्हणता, याचा राग येतो. परिचारिका, शिक्षिका, अंगणवाडी पर्यवेक्षिका, बचतगट उभे करणाऱ्या, याच शाळेतून गेलेल्या आहेत.

जुनं_रजिस्टर
रजिस्टरचा विषय निघालाच आहे तर ते हाताळायचं कसं तेही ऐका, नाहीतर उत्साहात वाट लावाल. जनरल रजिस्टर हे कायम जतन करायचं दप्तर आहे. ते शाळेबाहेर न्यायचं नाही, झेरॉक्सवर उलटं दाबायचं नाही. शिवण तुटते आणि पानं सुटतात. लॅमिनेशन तर अजिबात नको. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, सरळ वरून मोबाइलनं फोटो घ्यायचा, फ्लॅश बंद. 

१९४८च्या आधीच्या नोंदी असतील तर उर्दू वाचणारा माणूस बसवा, आणि तारीख फसली सनात, म्हणजे निजामाच्या काळच्या सरकारी सनात निघेल. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरमध्ये बदलायचं. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तारखेला सनात ५९० मिळवायचे, जानेवारीपासून पुढं ५९१. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. सरसकट एकच आकडा मिळवला की माणूस एक वर्ष मागं-पुढं जातो आणि बॅच चुकते.

मांजराकाठची
आणि ते फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत. त्यात जात आणि जन्मतारखेचे रकाने असतात. फक्त नाव, गाव आणि साल वेगळ्या वहीत उतरवा.

गोदाकाठ
मूळ प्रश्न बाजूला पडला. इथं सत्कार कुणाचा ते ठरवायचं होतं, दप्तर कसं धरायचं ते नाही.

जुनं_रजिस्टर
दप्तराशिवाय सत्कार कुणाचा ते ठरणारच नाही! यादी चुकली ती दप्तर न उघडल्यामुळंच. जो ग्रुपवर आहे तोच माजी विद्यार्थी, असं धरलंत तुम्ही. नववीतून शाळा सोडलेला, दहावी नापास झालेला, त्याचंही नाव रजिस्टरात आहे. त्यानं गावात पाणलोटाचं काम उभं केलं असेल तर तो या शाळेचाच आहे.

हिशेबतपासनीस
देणगीबद्दल बोलायचं तर संघ आधी नोंदवा. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद, आणि १९५०च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंद. पैसे संस्थेच्या खात्यात, कोषाध्यक्षाच्या मोबाइल क्रमांकावर नाही. आयकरात सवलत मिळेल असं पत्रकात छापण्याआधी आयकर कायद्याच्या कलम ८०जीची मान्यता हातात हवी. अमेरिकेतल्या अभियंत्याकडं भारताचा पासपोर्ट असेल तर अडचण नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती देणगी विदेशी ठरते, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. एफसीआरएची, म्हणजे विदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी नसताना एक रुपयाही घेऊ नका. त्या एका जमेवरून पुढची कित्येक वर्षं उत्तरं द्यावी लागतात.

आलेले पैसे मंडपात घालू नका. ५ लाखांची ठेव साडेसहा टक्क्यांनी वर्षाला ३२,५०० देते. तेवढ्यात दहावीची परीक्षा फी अडलेल्या मुलांची सोय होते आणि प्रयोगशाळेचं काचसामान येतं. छत वेगळं, त्याला वेगळी वर्गणी करा.

काळीमाती
मग नियम लिहून ठेवा. एकपानी अर्ज: शाळेत किमान तीन वर्षं, काम कोणतं, कुणासाठी, किती वर्षं. ज्यांच्यासाठी काम केलं त्यांच्यातल्या दोघांची पत्रं, नातेवाईक आणि हाताखालचे चालणार नाहीत. निवड समितीत पाचजण: संघाचे दोन, एक सध्याचे शिक्षक, एक निवृत्त शिक्षक, एक बाहेरगावचा माणूस. समितीत असलेला आणि त्या वर्षी देणगी दिलेला, दोघंही बाद. निवडणूक लढवणारा बाद. जिल्हा परिषदेच्या तोंडावर मंचाचा प्रचार होतो, आणि आचारसंहिता लागली की मुख्याध्यापकांना खुलासे द्यावे लागतात.

गोदाकाठ
देणगीदार बाद केला तर देणगी बंद होईल, हे माझं मत आहे आणि मी ते बदललेलं नाही. अधिकारी म्हणून कुणाला वगळायचं हेही मला मान्य नाही. कलेक्टरनंही सेवा केलेली असते.

काळीमाती
केली असेल तर दोन पत्रं मिळतील. त्याच्यासाठी वेगळा नियम नको, एवढंच म्हणतोय.

गोदाकाठ
पत्रं आणायला सांगतो. तारीख २५ डिसेंबरवरून पुढच्या ऑगस्टला न्यायचं संघापुढं मांडतो, कारण ऊसतोडीच्या मुलांचा मुद्दा खोडता येत नाही. सातांचे तीन करणं अवघड जाईल, चौघांना निरोप गेलाय. त्यांना अर्ज पाठवतो. माजी आमदारांचं नाव मी काढणार नाही. पुढची निवडणूक लढवणार नाही असं त्यांनी लेखी दिलं तर ठेवा, नाही दिलं तर तुमचा नियम.

काळीमाती
लेखी आलं तर माझा विरोध नाही. देणगीदाराचं कलम मी सोडणार नाही.

मांजराकाठची
त्या कलमावर बैठकीत भांडा. रजिस्टर उतरवायला शनिवार धरा, त्या दिवशी शाळा सकाळची असते, दुपारी कार्यालय मोकळं मिळेल. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आधी घ्या. तिघं लागतील: एक पान धरायला, एक वाचायला, एक वहीत उतरवायला. १९७५ ते १९९० एवढंच आधी घ्या. त्या काळातल्या बऱ्याच मुली आता निवृत्तीला आल्यात किंवा झाल्यात, आणि त्यांचे भाऊ अजून गावात आहेत. उतरवायला मी येते.

जुनं_रजिस्टर
पान मी धरतो. उलटताना कुणी बोटाला थुंकी लावू नये.