बाळाला जन्मताच हेपॅटायटिस बीची लस द्यायची का? आता "तुम्हीच ठरवा" म्हणतात

सांगलीची_लेक (टँपा, फ्लोरिडा), २० डिसेंबर २०२५

नमस्कार. मला ३४ वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळ. परवा पीडियाट्रिशियन ठरवायला गेले होते, तिथे एक फॉर्म हातात दिला. हेपॅटायटिस बीच्या (लिव्हरला इजा करणाऱ्या विषाणूच्या) लसीसमोर दोन चौकोन: जन्मल्यावर लगेच, की दोन महिन्यांनंतर. मी विचारलं, तुम्ही काय सांगाल? तिथली बाई म्हणाली, हे आता आईवडिलांनी ठरवायचं. तेव्हापासून तो फॉर्म जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीखाली पडून आहे.

मला कळलेलं एवढंच. ५ डिसेंबरला सीडीसीच्या (इथल्या केंद्र सरकारच्या आरोग्य संस्थेच्या) लस सल्लागार समितीने ८ विरुद्ध ३ मतांनी ठरवलं की आईची हेपॅटायटिस बीची टेस्ट निगेटिव्ह असेल तर जन्मावेळची लस द्यायची की नाही ते घरच्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं, आणि तेव्हा दिली नाही तर दोन महिन्यांच्या आत देऊ नये. १६ तारखेला सीडीसीने ते मान्यही केलं. याच समितीचे आधीचे सगळेच्या सगळे १७ सदस्य आरोग्यमंत्री केनेडींनी जूनमध्ये काढले होते. आणि आमच्या राज्याचे सर्जन जनरल, म्हणजे मुख्य आरोग्य अधिकारी, लडापो यांनी ३ सप्टेंबरला इथून जवळच व्हॅलरिकोत जाहीर केलं की शाळेसाठीची सगळी लससक्ती उठवायची. कुणाचं ऐकायचं?

माझी टेस्ट निगेटिव्ह आहे. नवरा म्हणतो, मग एवढ्याशा जिवाला पहिल्याच दिवशी सुई कशाला? आईबाबा जानेवारीत सांगलीहून बाळंतपणाला येतायत. गणपतीत बाळ सात महिन्यांचं होईल, तेव्हा सांगलीला नेऊन कान टोचायचेत. इन्शुरन्स या लसीचे पैसे देईल का, तेही कळत नाही.

बे_एरियातला_बाबा (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

ताई, पैशाची काळजी सोडा. १ सप्टेंबर २०२५ ला ज्या लसींची शिफारस होती त्या सगळ्यांचे पैसे २०२६ च्या अखेरपर्यंत देत राहू, असं विमा कंपन्यांच्या संघटनेने जाहीर केलंय. शिवाय "घरच्यांनी ठरवा" या गटात गेली म्हणून लस विम्यातून बाहेर पडत नाही. तरी कार्डाच्या मागच्या नंबरवर एकदा फोन करून विचारून घ्या.

तुमच्याकडे व्हॅलरिकोत घोषणा झाली त्याच दिवशी कॅलिफोर्निया, ओरेगन आणि वॉशिंग्टनने मिळून वेगळी आघाडी जाहीर केली, दुसऱ्या दिवशी हवाई आलं. लसींचा सल्ला आता ही राज्यं आपला आपण देतात, आणि जन्मावेळची हेपॅटायटिस बी त्यांनी कायम ठेवलीय. ईशान्येकडच्या राज्यांचाही असाच गट आहे. म्हणजे बाळ कुठल्या राज्यात जन्मलं यावर हातात येणारा कागद बदलतो. हे मला अजिबात पटत नाही. बाळाचं लिव्हर सगळीकडे सारखंच असतं.

बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेचा सल्ला मात्र देशभर एकच आहे: पहिल्या २४ तासांत द्या. आम्ही तोच धरला.

जर्सीची_मावशी (न्यू जर्सी)

अगं, मी तुझ्या शेजारची, मिरजेची. नर्सिंग तिथेच केलं आणि गेली २२ वर्षं इथे बाळंतिणींच्या वॉर्डात काम करते. पहिल्या चौकोनात खूण कर. का ते सांगते.

तुझी टेस्ट निगेटिव्ह आहे याचा अर्थ बाळंतपणात तुझ्याकडून बाळाला लागण होणार नाही. तेवढाच. पुढे बाळाला कोण कोण मांडीवर घेणार, ते त्या रिपोर्टात नसतं. आधी इथेही धोका असलेल्या आयांच्याच बाळांना लस द्यायचे. त्यात कितीतरी बाळं सुटायची, म्हणून १९९१ पासून सगळ्याच बाळांना द्यायला लागले. १९९० ते २०१९ या काळात लहान मुलांमधली नवी लागण ९९ टक्क्यांनी उतरली. ती आपोआप उतरलेली नाही, माझ्यासारख्या हजारो जणींनी एकेका मांडीत सुई देऊन उतरवलीय. म्हणून ५ तारखेची बातमी ऐकली तेव्हा मला रडू आलं.

मोठ्या माणसाला हा विषाणू लागला तर बहुतेक वेळा शरीर त्याला हुसकावून लावतं. तान्ह्या बाळाला लागला तर १० पैकी ९ बाळांत तो जन्मभर राहतो. ताप नाही, कावीळ नाही, बाळ गुटगुटीत दिसतं. आणि पुढे ऐन उमेदीत लिव्हर खराब झाल्याचं नाहीतर कॅन्सरचं कळतं.

आता आपल्या घरांबद्दल. भारतात ही लस सरकारी कार्यक्रमात २००२ मध्ये थोड्या ठिकाणी आली, देशभर व्हायला २०११ उजाडलं. तुझ्या आईबाबांच्या पिढीला ती लहानपणी मिळालीच नाही. त्यांच्या काळात काचेची सिरिंज डब्यात उकळायची आणि तीच पुढच्या पेशंटला, मी स्वतः उकळल्यात. यात त्यांचा काही दोष नाही. पण कितीतरी जणांच्या अंगात हा विषाणू असतो आणि त्यांना पत्ताही नसतो.

घाबरू नकोस. कुशीत घेतल्याने, पापा घेतल्याने, एका ताटात जेवल्याने हा लागत नाही. रक्तातून लागतो. पण आपल्याकडे आजी बाळाची नखं दाताने कुरतडते, आठवतं? घरात नेलकटर एकच असतो. कान टोचायची तारही आलीच. वाळलेल्या रक्ताच्या डागात हा विषाणू सात दिवस जिवंत राहतो, आणि तो डाग डोळ्यांना दिसेलच असं नाही.

म्हणून दोन कामं कर.

आईबाबांना सांगलीतच एचबीएसएजी, म्हणजे हेपॅटायटिस बीचं सरफेस अँटिजेन, तपासायला सांग. जुन्या लॅबवाल्यांना "ऑस्ट्रेलिया अँटिजेन" म्हटलं की लगेच कळतं. कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर ही टेस्ट बहुतेक झालेलीच असते, फाईल काढून बघा. पॉझिटिव्ह आली तरी तिकीट रद्द करू नका. त्यांना औषधपाणी सुरू होईल, बाळाला लस झालेली असेल, झालं.

दुसरं, तुझा स्वतःचा रिपोर्ट उघडून स्वतःच्या डोळ्यांनी वाच. त्यावर "सरफेस अँटिजेन" लिहिलेलं हवं, "सरफेस अँटिबॉडी" नाही. नावं जवळजवळ सारखी, पण अर्थ अगदी वेगळा: अँटिजेन म्हणजे खुद्द विषाणूचा अंश, अँटिबॉडी म्हणजे त्याच्याविरुद्धचं संरक्षण. काही वर्षांपूर्वी एका रात्री दुसरीकडून आलेली बाई माझ्याकडे बाळंत झाली. फाईलवर कुणीतरी हाताने "हेप बी निगेटिव्ह" लिहिलं होतं. माझं मन मानेना. मूळ कागद फॅक्सने मागवला, तर टेस्ट अँटिबॉडीची! पुन्हा रक्त पाठवलं, अँटिजेन पॉझिटिव्ह आलं. अशा बाळाला लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन, १२ तासांच्या आत द्यावं लागतं. आम्ही नवव्या तासाला दिलं. लस आम्ही सगळ्यांना देतो म्हणून पहिल्याच तासात झाली होती, तिच्यावर विसंबून मी थोडी तरी शांत होते. त्या बाळाची मांडी माझ्या अंगठ्यापेक्षा थोडी जाड असेल. मी ती हातात धरली होती ते अजून आठवतं.

जावईबापूंना सांग, सुई तशीही टळत नाही. व्हिटॅमिन केची सुई पहिल्या काही तासांत मांडीत देतातच, ही दुसऱ्या मांडीत. अर्धा मिली. तू अंगावर पाजत असताना द्यायला सांग, बाळ फार तर १० सेकंद रडतं आणि परत प्यायला लागतं.

डॅलसकर_आई (टेक्सस)

मावशींनी सगळं सांगितलंच आहे. मला गणपतीच्या प्रवासाबद्दल बोलायचंय. गोवराची लस विसरू नका. इथे नेहमीचा पहिला डोस वर्ष झाल्यावर असतो, पण परदेशी जाणाऱ्या ६ ते ११ महिन्यांच्या बाळाला एक डोस आधी देतात. तो नेहमीच्या दोन डोसांत धरत नाहीत, वर्षानंतर दोन्ही पुन्हा द्यावे लागतात. निघायच्या निदान दोन आठवडे आधी द्या. आमच्या डॉक्टरांच्या ऑफिसात हे कुणी आपणहून सांगितलं नाही, मीच विचारलं. मुलाला आठव्या दिवशी थोडा ताप आला, एका रात्रीत उतरला.

धोका फक्त तिकडे आहे असंही समजू नका. २०२५ च्या जानेवारीत आमच्याच राज्याच्या पश्चिमेला गेन्स काउंटीत साथ सुरू झाली, ऑगस्टमध्ये संपल्याचं जाहीर झालं तोवर ७६२ जणांना गोवर झाला आणि दोन मुलं गेली. दोघांनाही लस दिलेली नव्हती. ज्या देशाने २००० साली गोवर हटल्याचं जाहीर केलं होतं, तिथे हे झालं. माझा मुलगा तेव्हा चार महिन्यांचा, लसीच्या वयाचाच नव्हता. वाणसामान आणायलाही मी त्याला बाहेर काढलं नाही.

सांगलीची_लेक

मावशी, रिपोर्ट उघडला. "सरफेस अँटिजेन" असंच लिहिलंय, निगेटिव्ह. नवऱ्याला तुमचं उत्तर वाचून दाखवलं. नखांच्या वाक्यापाशी तो थांबला, म्हणाला, माझी आजी असंच करायची. मग उठून बरणीखालचा फॉर्म त्यानेच काढला. पहिल्या चौकोनात खूण केलीय, खाली दोघांच्या सह्या.

काल सांगलीला फोन केला. आईच्या मोतीबिंदूच्या फाईलमध्ये रिपोर्ट सापडला, मागच्याच वर्षीचा, निगेटिव्ह. बाबांची टेस्ट कधीच झालेली नाही. आधी म्हणाले, मला काय धाड भरलीय? आईने त्यांना नातवंडाचं नाव घेऊन गप्प केलं. आज सकाळी चहाच्या आधी जाऊन रक्त देऊन आले. रिपोर्ट परवा मिळेल, इथे कळवते.