वापरलेला अ‍ॅम्प्लिफायर वीस मिनिटांनी बंद पडतो, विकणारा म्हणतो तुम्हीच जाळला. आता काय करू?

त्रिमूर्तीनगरची (प्रश्न)

नमस्कार. मी नागपूरला शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या बाबांचं वय ७८. इथल्या महाल भागातल्या जुन्या घरात राहायचो तेव्हापासून जमवलेल्या दोनशेच्या वर एलपी, म्हणजे गाण्यांच्या मोठ्या तबकड्या, त्यांच्याकडे आहेत. दिवाळीत त्यांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर कायमचा गेला. तेव्हापासून टर्नटेबलवर कापड टाकलेलं होतं. संध्याकाळी चहा झाला की बाबा त्या कापडाकडे बघत बसायचे, तोंडाने काही म्हणायचे नाहीत. ते मला बघवेना.

टर्नटेबल जोडायचं तर फोनो इनपुट, म्हणजे त्याचा क्षीण सिग्नल वाढवून घेणारी खास जोडणी लागते, आणि बजेटात बसणाऱ्या नव्या मशीनमध्ये ती सापडेना. म्हणून ऑनलाइन जाहिरातीतून ऐंशीच्या दशकातला एक जपानी इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर घेतला. विकणारा पुण्याचा. जाहिरातीत शब्द होते: ‘एकाच माणसाने वापरलेला, कधीही उघडलेला नाही, शंभर टक्के चालू.’ किंमत २६,५०० रुपये, कुरिअरचे १,३५० वेगळे. चालू असल्याचा ४० सेकंदांचा व्हिडिओ त्याने पाठवला. पैसे मी यूपीआयने आधीच पूर्ण दिले.

पेटी उघडताना भाच्याने मोबाईलवर शूटिंग केलं. थर्माकोल शाबूत होता, कुठे ठोकर नव्हती. लावला. पहिली बाजू सुंदर वाजली, बाबांचे डोळे भरून आले. साधारण वीस मिनिटं झाली तशी उजव्या स्पीकरमधून खरखर सुरू झाली, मग आतून ‘टक्’ असा आवाज आला आणि दोन्ही स्पीकर मुके. अर्धा तास थंड होऊ दिला की पुन्हा चालू, पुन्हा वीस मिनिटं, पुन्हा ‘टक्’. तीन दिवस हेच होऊन राहिलं आहे.

विकणाऱ्याला त्याच रात्री कळवलं. आधी म्हणाला स्पीकरची वायर तपासा. मग म्हणाला नागपूरला व्होल्टेज जास्त असतं, तुम्हीच जाळला. शेवटी लिहिलं, ‘जुना माल जसा आहे तसा विकला, परत घेणार नाही.’ आता उत्तरच देत नाही. मला भांडण नको आहे. पण २६,५०० रुपये मी वर्षभर बाजूला टाकून जमवले होते आणि बाबांना मशीन बंद का पडतं ते सांगताना जीभ रेटत नाही. यातून मार्ग काय? पोलिसात जाऊ का?

बर्डीचा साउंडवाला

ताई, पोलिसांचं नंतर बघू. आधी मशीनचा आजार कळला पाहिजे, कारण तुमची सगळी बाजू त्यावर उभी आहे. आणि एक सांगतो, आत्ता लगेच बंद करा. स्पीकर जोडून एकदाही लावू नका.

तो ‘टक्’ म्हणजे प्रोटेक्शन रिले, स्पीकर वाचवणारा आपोआप चालणारा स्विच. अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुटवर फक्त ऑडिओ यायला हवा. तिथे डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह, यायला लागला की स्पीकरच्या कॉइलमधून तो सतत वाहतो, कॉइल तापते, जास्त असला तर जळून जाते. म्हणून रिले स्पीकर तोडून टाकतो. तुमचा रिले इमानदारीने काम करून राहिला आहे. थंड असताना चालतं आणि तापल्यावर तुटतं, म्हणजे आतलं काहीतरी गरम झाल्यावर घसरतं: आउटपुट ट्रान्झिस्टर, बायसचा प्रीसेट (त्या ट्रान्झिस्टरमधला स्थिर प्रवाह ठरवणारा छोटा स्क्रू) किंवा एखादा सुकलेला कपॅसिटर. ४० सेकंदांच्या व्हिडिओत हे दिसणारच नाही.

आता मागची पट्टी वाचा. माल जपानमधूनच आलेला असेल तर तिथे १००V लिहिलेलं असेल. जपानमध्ये घरातली वीज १०० व्होल्ट असते, आपल्याकडे २३०. तुम्ही कोणता ट्रान्सफॉर्मर लावला? बाजारात सहज मिळतो तो ११० चा, आणि घरात २३० च्या वर व्होल्टेज असेल तर तो ११० पेक्षाही जास्त देतो. समोरचा नेमकं इथेच बोट ठेवणार.

डिमरस्टॅट, म्हणजे व्होल्टेज हवं तेवढं कमी-जास्त करणारं यंत्र, असलेला मेकॅनिक गाठा. मशीनला बरोबर १०० व्होल्ट द्यायचे, इनपुटला काही नाही, व्हॉल्यूम शून्य, स्पीकर काढलेले. मल्टिमीटर डीसीवर ठेवून दोन्ही बाजूंच्या स्पीकर टर्मिनलवर मोजायचं. थोडेफार मिलिव्होल्ट सगळ्याच जुन्या मशीनला येतात, वीस-तीस मिलिव्होल्टपर्यंत काळजी नाही. त्याच्या बरंच वर असेल तर दुखणं आहे. गार असताना मोजा, मग दर पाच मिनिटांनी. मोजणी, खोलणी, सगळ्याचा सलग व्हिडिओ घ्या. झाकणाचे स्क्रू काढण्याआधी त्यांच्या डोक्यांचे जवळून फोटो घ्या. आणि आत स्वतः हात घालू नका, प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

जुनी तबकडी

दुसरी बाजूही मांडतो, कारण मी स्वतः अशी चार-पाच मशीन विकली आहेत. चाळीस वर्षांची वस्तू माझ्या घरून धडधाकट निघाली आणि घेणाऱ्याकडे आठवड्यात बिघडली, असं माझ्याबाबतीत घडलं आहे. मी खोटं बोललो नव्हतो. कुरिअरच्या गाडीत हादरे बसून जुने सोल्डर सुटतात. तेव्हा त्या माणसाला लगेच चोर ठरवू नका. पण त्याने संवाद तोडायला नको होता. मी निम्मा दुरुस्ती खर्च दिला होता आणि ते गृहस्थ आजही माझे मित्र आहेत.

त्रिमूर्तीनगरची

काल रविवारी जाऊन आले. बाबांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर ज्यांनी पंधरा वर्षं सांभाळला त्या महालातल्या काकांकडे. बाबाही हट्टाने सोबत आले आणि स्टुलावर बसून राहिले.

पट्टीवर १००V च आहे. माझा ट्रान्सफॉर्मर ११० चा. काकांनी तो जोडून मोजला, त्या वेळी लाइनला २३८ होते आणि ट्रान्सफॉर्मरमधून ११४ निघत होते. म्हणजे १०० च्या मशीनला मी चौदा टक्के जास्त देत होते. हे पाहून मला फार वाईट वाटलं, मुलांना ट्रान्सफॉर्मरचं गुणोत्तर शिकवणारी मी. पण चॅट पुन्हा काढून पाहिली तर पैसे देण्याआधी मी विचारलेलं सापडलं, ‘कोणता ट्रान्सफॉर्मर घेऊ?’ आणि त्याचं उत्तर आहे, ‘११० चा बिनधास्त चालतो, मी तोच वापरतो.’

मग डिमरस्टॅटवर नेमके १०० दिले. डावी बाजू १६ मिलिव्होल्ट. उजवी गार असतानाच ३८० मिलिव्होल्ट, बारा मिनिटांत १ व्होल्टच्या वर, आणि ‘टक्’.

झाकण उघडण्याआधी काकांनी बॅटरी धरून स्क्रू दाखवले. सहापैकी चारांच्या खाचा सोललेल्या, काळा रंग उडून पितळी धातू दिसत होता. आत हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीवर, डाव्या बाजूची आउटपुट ट्रान्झिस्टरची जोडी मूळची, तिच्याखालची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी पिवळी झालेली. उजव्या जोडीखालची पेस्ट पांढरी, ओली, बोटाला लागणारी. त्या ट्रान्झिस्टरचे नंबर वेगळे, वरची छपाई इतकी फिकट की नखाने घासल्यावर अंक पुसट झाला. खाली बोर्डवर त्यांच्या पायांभोवती सोल्डर करताना लावतात त्या फ्लक्सचा तपकिरी डाग तसाच सोडलेला. काका म्हणाले, ‘ही दुरुस्ती सहा महिन्यांपलीकडची नाही, आणि घाईची आहे.’ बाबा इतका वेळ गप्प होते, ते म्हणाले, ‘म्हणजे पोरीनं नाही बिघडवलं.’

सगळ्याचा व्हिडिओ आहे. दुरुस्तीचा अंदाज ७,८०० रुपये: अस्सल जोडी, रिले, काही कपॅसिटर, बायस लावणे. आजच करून घेऊ का?

ग्राहकांची ताई

आज करू नका! मी बरीच वर्षं ग्राहकांच्या तक्रारी लिहून देते आणि लोक इथेच चुकतात. दुरुस्ती झाली की दोष पुसला गेला. प्रकरण ग्राहक तक्रार आयोगापुढे गेलं तर आयोग वस्तू तपासणीसाठी योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, तेव्हा ती आहे त्याच अवस्थेत हवी. काकांकडून लेटरहेडवर तारखेसह लिहून घ्या: मोजलेले आकडे, किती व्होल्टवर मोजले, आत काय दिसलं, खर्चाचा अंदाज. फिकट नंबरांचे ट्रान्झिस्टर बोर्डवरच राहू द्या.

आता तो विकणारा कोण आहे हे पाहणं फार महत्त्वाचं आहे. घरातली एखादी वस्तू काढून टाकणारा माणूस आणि नेहमी माल आणून विकणारा माणूस यांत कायदा फरक करतो. २०२० चे ई-कॉमर्स नियम, जो माणूस नियमित धंदा म्हणून नव्हे तर वैयक्तिकरीत्या काही विकतो, त्याला लागू होत नाहीत. त्याच्या प्रोफाइलवर आणखी किती मशीन विकायला आहेत? असतील तर आजच स्क्रीनशॉट घ्या, उद्या त्या जाहिराती नसतील. नेहमी विकत असेल तर तो व्यापारी आणि तुम्ही ग्राहक. वस्तू वापरलेली आहे म्हणून ग्राहकाचा हक्क जात नाही.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली, तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. तुम्हाला पुण्याला जायची गरज नाही, नागपुरातच होईल. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, मुदत दोन वर्षांची आहे. अर्ज ऑनलाइनही भरता येतो. शंका असेल तर १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर बोला.

आणि तो खरंच एकदाच विकणारा निघाला, तरी सगळं संपत नाही. जुन्या मालाबाबत ‘बघून घ्या’ हे तत्त्व आहे, १९३० च्या मालविक्री कायद्यात दर्जाची सरसकट हमी नाही. पण ‘जसा आहे तसा’ हे शब्द, वस्तूबद्दल केलेलं चुकीचं विधान झाकत नाहीत. ‘कधीही उघडलेला नाही’ हे विधान आहे, ते वाचून तुम्ही पैसे दिले. १८७२ च्या करार कायद्यात चुकीच्या माहितीवर संमती मिळवली असेल तर करार रद्द करण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे, सांगणाऱ्याला ती चूक ठाऊक नसली तरी. पोलिसांकडे फसवणूक सिद्ध करायची तर सुरुवातीपासून बुडवण्याचा हेतू दाखवावा लागतो, ते कठीण आहे. यूपीआयने स्वतः पिन टाकून दिलेले पैसे वस्तू सदोष निघाली म्हणून बँक ओढून आणत नाही, तिथे वेळ घालवू नका.

त्याला एक पत्र लिहा, स्पीड पोस्टाने आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही. राग नको, विशेषणं नकोत. त्याचे दोन वाक्य त्याच्याच शब्दांत, काकांचे आकडे, फोटो, आणि पंधरा दिवसांची मुदत. पर्याय दोन द्या: माल परत घेऊन पूर्ण रक्कम, किंवा दुरुस्तीचा खर्च. माणसाला बाहेर पडायला दार ठेवलं तर तो बहुतेक वेळा बाहेर पडतो. मूळ चॅट फोनमधून पुसू नका, फोनही बदलू नका.

बर्डीचा साउंडवाला

ताईंचं बरोबर आहे. एकच जोडतो, १०० व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचा खर्च त्याच्याकडे मागू नका. तो तुम्हाला कधी ना कधी घ्यावाच लागला असता. रास्त तेवढंच मागितलं की समोरच्याला नाही म्हणणं जड जातं.

त्रिमूर्तीनगरची

तेरा दिवसांनी लिहीत आहे.

प्रोफाइलवर आणखी नऊ अ‍ॅम्प्लिफायर आणि तीन डेक निघाले. स्क्रीनशॉट घेतले. पत्र एका पानाचं लिहिलं. चार वेळा लिहून प्रत्येक वेळी रागाची वाक्यं काढली. ट्रान्सफॉर्मरचा खर्च मागितला नाही, उलट ११४ व्होल्ट जात होते हे मीच स्पष्ट लिहिलं आणि खाली त्याचा ‘बिनधास्त चालतो’ चा मेसेज चिकटवला.

पत्र पोचलं त्या दिवशी संध्याकाळी फोन आला. पहिली पाच मिनिटं तो चढ्या आवाजात बोलला. मी पांढऱ्या पेस्टचा फोटो बघा एवढंच म्हटलं. थोडं थांबून म्हणाला, मी ज्याच्याकडून घेतला त्याने दुरुस्त केला असेल, मी झाकण उघडून पाहिलं नाही. ते खरं असू शकतं. मी म्हटलं, मग ‘कधीही उघडलेला नाही’ असं लिहायला नको होतं. यावर तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी ५,००० देतो म्हणाला. मी काकांचा कागद पुन्हा पाठवला. परवा ७,८०० खात्यात आले, आणि दोघांनीही लिहून दिलं की या व्यवहाराबद्दल आता एकमेकांकडे काही मागणं नाही.

पूर्ण पैसे घेऊन मशीन परत पाठवायचं का, हे मी बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, पहिली वीस मिनिटं ज्याने वाजवली तोच ठेवू.

१०० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर काकांनी बनवून घेतला, १,९०० रुपये. अस्सल जोडी मुंबईहून यायला आठ दिवस लागले. जुने ट्रान्झिस्टर मी छोट्या पाकिटात घालून ठेवले आहेत. काल रात्री काकांनी मशीन सलग दोन तास चालवलं आणि मीटर माझ्या हातात दिला. डावी १५ मिलिव्होल्ट, उजवी १८. दोन तासांनंतरही तेवढेच. आज संध्याकाळी स्पीकर जोडतो आहोत, बाबांनी कापड सकाळीच काढून घडी करून ठेवलं आहे.