रॉकेल आलं तरी देवमाशांची शिकार वाढली कशी?

भटक्या_७: एक शंका आहे. पूर्वी देवमाशाचं तेल दिव्यात जाळायचे. मग १८५९ला पेनसिल्व्हेनियात तेलाची विहीर लागली, रॉकेल स्वस्त झालं, म्हणजे देवमासे सुटायला हवे होते ना? पण खरी कत्तल विसाव्या शतकात झाली म्हणतात. स्टीमच्या बोटींमुळे का?

दर्यावर्दी: स्टीममुळे, पण नुसत्या स्टीममुळे नाही. आधी वल्ह्याच्या होडीतून हाताने हार्पून (दोरी बांधलेला काटेरी भाला) फेकायचे, त्यात सापडायचे ते मुख्यतः संथ पोहणारे आणि मेल्यावर तरंगणारे. निळा देवमासा पळतो जोरात आणि मेला की बुडतो, म्हणून तो शेकडो वर्षं वाचला. नॉर्वेचा स्वेन फॉइन, मूळचा सीलचा शिकारी, त्याने १८६३ला 'स्पेस एट फिडेस' ही वाफेची बोट बांधली, तिच्यावर तोफा, मग १८७०ला ग्रेनेडवाल्या हार्पूनचं पेटंट. वाफेच्या विंचने (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने) बुडालेलं धूड वर ओढायचं आणि पुढे तर पोटात नळी खुपसून हवा भरायला लागले, की फुग्यासारखं तरंगतं. मला विचाराल तर खरा घात त्या विंचने आणि हवेच्या पंपाने केला, इंजिनाचं नाव उगाच जास्त होतं.

खारा_वारा: पण घ्यायचं कोण एवढं तेल, ते राहिलंच की. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेलात हायड्रोजन घालून घट्ट करायची युक्ती निघाली, आपला डालडा झाला तीच. मग युरोपात मार्गारिन (लोण्याऐवजी वापरायचं) आणि साबण, आणि पहिल्या महायुद्धात त्याच तेलातलं ग्लिसरीन स्फोटकांना. १९०४ला नॉर्वेच्याच लार्सनने अंटार्क्टिकाजवळच्या साउथ जॉर्जिया बेटावर ग्रिटविकेन हे देवमासे कापायचं स्टेशन काढलं आणि १९२५ला 'लॅन्सिंग' जहाज आलं, मागून उतार असलेलं, आख्खा मासा डेकवर ओढायचा, किनाऱ्याची गरजच नाही. १९३०-३१च्या एका सीझनमध्ये अंटार्क्टिकात २९ हजारांवर निळे देवमासे मारले.

भटक्या_७: बाप रे. कोणी अडवलं नाही?

दर्यावर्दी: १९४६ला शिकारीवर आंतरराष्ट्रीय करार झाला, पण कोटा मोजायचे निळ्या देवमाशाच्या हिशोबात, १ निळा म्हणजे २ फिन किंवा अडीच हंपबॅक किंवा ६ सेई (या देवमाशांच्याच दुसऱ्या जाती). कोणती जात किती उरलीय याचा संबंधच नाही. धंदेवाईक शिकारीवर बंदीचा ठराव थेट १९८२चा.

भटक्या_७: अडीच हंपबॅक?? अर्धा कुठून आणायचे 😄

खारा_वारा: दोन निळ्यांना पाच रे, वाण्याचा हिशोब.