लेकीची बाइक दारात उभी आहे, विकवत नाही

सायलीचा_वेल:
लेक नोकरीसाठी लांब गेली आणि बाइक मागे राहिली. 150 सीसी, कार्बोरेटरवाली, तिने स्वतःच्या पगारातून हप्ते फेडून घेतलेली. घेताना सगळ्यात जास्त कटकट मीच केली होती. आता ती म्हणते, "आई, विकून टाक, भंगार होईल," आणि मीच आडवी पडले आहे. हसा खुशाल.

मला बाइक येत नाही, शिकायचीही नाही. पण पोरगी मला या गाडीवरून कळायची. वळणावर गिअर खाली टाकायची तेव्हाच स्वारी कशी आहे ते समजायचं. बिनसलेलं असलं की स्टँड खाडकन लावायची. खुशीत असली की बंद करायच्या आधी उगाच एकदा रेस, मग शेजारी वैतागायचे. आता फोनवर "मी मजेत आहे" एवढंच ऐकू येतं, त्यातून काय कळणार? टाकीवर तिच्या जॅकेटच्या चेनीचे बारीक ओरखडे आहेत, गिअरच्या दांडीचं रबर एका बाजूने पार झिजलंय. गाडी पुसताना तेवढं मी जपून पुसते.

हे दर रविवारी पाच मिनिटं चालू करून ठेवतात, तरी परवा स्टार्टर नुसता टकटक करून गप्प बसला. इकडे भाची गाडी मागतेय, पण रंग आणि सायलेन्सर दोन्ही बदलणार म्हणते!

तर, न चालवता गाडी नीट कशी ठेवायची? आणि ठेवणं हा निव्वळ हट्ट आहे का?

चेन_स्प्रॉकेट:
ताई, दुसऱ्या प्रश्नात मी पडत नाही. पहिल्याचं सांगतो: ती रविवारची पाच मिनिटं आधी बंद करा. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते. इंजिन पुरतं तापलं नाही तर तिचं पाणी सायलेन्सरात आणि ऑइलमध्ये साठतं, सायलेन्सर आतून गंजतो. शिवाय स्टार्टर बॅटरीतून जेवढं ओढतो तेवढं जागेवर पाच मिनिटांत परत भरत नाही. तुमची टकटक तिथूनच आलीये.

एक तर कुणीतरी अर्धा-पाऊण तास खरंच फिरवून आणा, नाहीतर गाडीला नीट झोपवा. म्हणजे ऑइल बदला, टाकी काठोकाठ भरा (रिकाम्या टाकीला आतून गंज धरतो), पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरचा तळाचा स्क्रू सोडा आणि त्यातलं पेट्रोल काढून टाका. ते तसंच राहिलं तर चिकट होऊन जेट, म्हणजे त्यातली पेट्रोलची बारीक छिद्रं, तुंबतात. बॅटरी काढून घरात ठेवा. पूर्ण भरलेली 12.6 ते 12.8 व्होल्ट दाखवते, 12.4 च्या खाली गेली की चार्ज करा. गाडी मेन स्टँडवर, चेनला तेल, वर कापडी कव्हर. प्लॅस्टिकच्या कव्हरखाली ओल कोंडते.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात, तेही बघा. 3217 म्हणजे 2017 चा 32 वा आठवडा. फार जुने असतील तर नक्षी शाबूत असली तरी रबर कडक झालेलं असतं. भाचीला तशी गाडी देऊ नका.

परतपावली:
मी दुसऱ्या बाजूची आहे. माझ्या बाबांनी माझी गाडी अशीच जपली. सुट्टीला गेले की चकाचक पुसून दारात उभी. मला भरून यायचं, आणि थोडं दडपणही यायचं, की आता दोन दिवस तरी ही चालवलीच पाहिजे. शेवटी मीच म्हटलं, बाबा, मला तुम्ही हवे आहात, गाडी नको. ते रुसले, पण विकली. लेक "विक" म्हणतेय ते तिला किंमत नाही म्हणून नसेल. ती परत येईल तेव्हा गाडीबद्दल नाही, तिच्याबद्दल बोला.

खडूस_काका:
कागद कुणाच्या नावावर आहेत? लेकीच्या असतील तर तुम्ही, आम्ही आणि भाची कोण लागून गेलो!

सायलीचा_वेल:
काका, तिच्याच नावावर आहे. काल विचारलं. म्हणाली, "दे की तिला, पण आधी टायर बदलून घे," आणि मग पुढचा अर्धा तास भाचीला क्लच कसा सोडायचा तेच सांगत बसली. इतकं मोकळं ती कित्येक दिवसांत बोलली नव्हती.

रंगाचं मला चालेल. सायलेन्सरवर मात्र भाचीशी भांडण होणार आहे. परतपावली, तुमचं लागलं, पण बरं झालं लिहिलंत.

टायर येईपर्यंत बॅटरी काढून ठेवते. 10 चा पाना चालेल ना?

चेन_स्प्रॉकेट:
बऱ्याच गाड्यांना चालतो, नाहीतर स्टार स्क्रू ड्रायव्हर. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. आणि सायलेन्सरच्या भांडणात मी तुमच्या बाजूने.