शब्दचर्चा : टाळेबंदी, संप आणि बर्फावरची हॉकी

पानखूण
उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगविषयीचा (पुढे एनएचएल) एक अनुवाद तपासायचा आहे. वाक्य असे : ‘खेळाडूंच्या संपामुळे 2004-05 चा पूर्ण हंगाम रद्द झाला.’ मूळ इंग्रजीत ‘लॉकआउट’ आहे. कोशात ‘टाळेबंदी’ मिळते, पण 2020 पासून टाळेबंदी म्हटले की वाचकाला करोनाच आठवतो. ‘संप’ त्यामुळेच घेतला असावा. चालेल का? ‘सॅलरी कॅप’ आणि ‘एस्क्रो’ यांनाही शब्द हवे आहेत.

गेटपास
चालणार नाही. ही नुसती शब्दाची निवड नाही, त्याने घटनाच बदलते. संप कामगार करतो, टाळेबंदी मालक करतो. काम कोणी थांबवले, हीच या दोन शब्दांमधली एकमेव महत्त्वाची माहिती आहे आणि अनुवादात नेमकी तीच उलटी झाली आहे.

2004 मध्ये खेळाडू खेळायला तयार होते. संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातला जुना सामूहिक करार 15 सप्टेंबरला संपला आणि नवा करार होईपर्यंत सराव शिबिरे उघडणार नाहीत असे संघमालकांच्या वतीने आयुक्त गॅरी बेटमन यांनी जाहीर केले. 16 फेब्रुवारी 2005 ला हंगाम रद्द झाला तोही त्यांच्याच घोषणेने. 1,230 साखळी सामने गेले आणि विजेत्याचा स्टॅन्ली चषक कोणालाच मिळाला नाही. असे त्याआधी 1919 मध्ये इन्फ्लुएंझाच्या साथीमुळे झाले होते. याला खेळाडूंचा संप म्हणणे म्हणजे दाराबाहेर उभ्या केलेल्या माणसाला ‘हा घर सोडून गेला’ म्हणण्यासारखे आहे.

एनएचएलमध्ये खेळाडूंचा खरा संप एकदाच झाला : 1 एप्रिल 1992 पासून दहा दिवस. त्यात 30 सामने पुढे ढकलले गेले, पण नंतर ते खेळवले गेले. टाळेबंदी मात्र तीनदा झाली. पहिली 1 ऑक्टोबर 1994 ते 11 जानेवारी 1995. दुसरी वर सांगितलेली. तिसरी सप्टेंबर 2012 मध्ये सुरू झाली आणि 6 जानेवारी 2013 ला तडजोड झाली. पहिल्या व तिसऱ्या वेळी हंगाम आखडून प्रत्येक संघाचे 48 सामने झाले. म्हणून 1994 आणि 2012 साठी ‘हंगाम रद्द’ असेही लिहू नये, ‘हंगाम कमी झाला’ असे लिहावे.

पानखूण
म्हणजे ‘टाळेबंदी’च. पण बर्फाच्या मैदानाला कोणी खरोखर कुलूप लावले नव्हते ना? तीच मैदाने इतर कार्यक्रमांना सुरू होती.

गेटपास
कुलूप लागायला हवे अशी अट शब्दात नाही. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 मधली व्याख्या पाहा. कामाची जागा तात्पुरती बंद करणे, काम स्थगित करणे, किंवा मालकाने कामगारांना कामावर ठेवण्यास नकार देणे, यांपैकी काहीही घडले तरी ती टाळेबंदी. महाराष्ट्राच्या 1971 च्या कामगार संघ मान्यता कायद्यात तर चौदा दिवसांची नोटीस न देता केलेली टाळेबंदी बेकायदेशीर ठरवली आहे. कारखानदारीच्या मराठीत हा शब्द करोनाच्या कितीतरी आधीपासून नेमक्या अर्थाने रुजलेला आहे. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपाला कोणी टाळेबंदी म्हणत नाही, कारण काम कामगारांनी थांबवले होते. तीच शिस्त हॉकीलाही लावायची.

व्याख्येतल्या ‘तात्पुरती’कडेही लक्ष असू द्या. कारखाना कायमचा बंद करणे ही वेगळी गोष्ट, कामगार कपात आणखी वेगळी. टाळेबंदीत नोकरी सुटत नाही, फक्त काम आणि पगार थांबतो. 2004 मध्ये खेळाडूंना ‘काढून टाकले’ असेही म्हणून लिहिता येणार नाही. त्यांचे करार अडकून पडले होते. त्या काळात कित्येक जण युरोपातल्या संघांकडून खेळले. यारोमिर यागर याने आधी चेक प्रजासत्ताकातल्या क्लाद्नोसाठी आणि मग रशियातल्या ओम्स्कसाठी तो हंगाम खेळून काढला.

ळकार
करोनाशी होणारा घोटाळा टाळायचा तर पहिल्या उल्लेखात ‘संघमालकांची टाळेबंदी’ असे लिहा, पुढे नुसते ‘टाळेबंदी’ पुरते. एक जागा मात्र जपायला हवी. 12 मार्च 2020 ला करोनामुळे एनएचएलने हंगाम थांबवला होता. त्यालाही टाळेबंदी म्हटले तर यादीत चौथी टाळेबंदी घुसेल. तिथे ‘हंगाम स्थगित’ लिहावे.

क्रियापदेही सांभाळा. संप पुकारतात, टाळेबंदी जाहीर करतात. संप चिघळतो, मिटतो, मागे घेतला जातो. टाळेबंदी उठवली जाते. ‘खेळाडूंनी टाळेबंदी मागे घेतली’ असे वाक्य दिसले तर ते तिथेच थांबवा, कारण जे त्यांनी केलेच नाही ते मागे कसे घेणार? आणि ‘टाळे ठोकले’ टाळा. आपल्या बातम्यांत टाळे ठोकतात ते आंदोलक : ग्रामस्थ शाळेला ठोकतात, कार्यकर्ते कार्यालयाला ठोकतात. ‘एनएचएलला टाळे ठोकले’ वाचून खेळाडूंनीच ठोकले असे वाटू शकते.

‘खेळाडू संघ’ हाही फसवा शब्द आहे. खेळाच्या मजकुरात संघ म्हणजे टीम. ‘खेळाडू संघाने प्रस्ताव फेटाळला’ यात फेटाळणारी टीम की युनियन, ते कळत नाही. युनियनला सगळीकडे ‘संघटना’ आणि टीमला ‘संघ’ म्हणा.

तेरीज
पैशाच्या शब्दांकडे येतो. मजकुरात ‘ताळेबंदी’ असे कुठे छापले गेले आहे का ते आधी शोधा. ताळेबंद म्हणजे जमाखर्चाचा गोषवारा, टाळे म्हणजे कुलूप. या विषयात दोन्ही शब्द एकाच परिच्छेदात येतात, त्यामुळे तपासनीसाची नजर हमखास चुकते. 2004 चे भांडण मुळात ताळेबंदावरूनच पेटले. लीगने नेमलेल्या आर्थर लेव्हिट यांच्या अहवालात 2002-03 मध्ये संघांना मिळून 27 कोटी 30 लाख डॉलर तोटा झाल्याचे म्हटले होते. तो हिशेब खेळाडूंच्या संघटनेला मान्य नव्हता. तोटा किती, हेच ठरत नसेल तर वाटणी कशी ठरणार?

सॅलरी कॅपसाठी ‘कमाल वेतन’ चूक आहे. ही मर्यादा एका खेळाडूच्या पगारावर नसून संघाच्या एकूण वेतनखर्चावर असते. ‘संघाची वेतनखर्च मर्यादा’ लांब वाटेल, पण बरोबर आहे. 2005-06 साठी ती 3 कोटी 90 लाख डॉलर ठरली. एका खेळाडूला तिच्या 20 टक्क्यांपेक्षा, म्हणजे 78 लाखांपेक्षा जास्त देता येत नव्हते. ‘कमाल वेतन’ म्हणायचे तर ते या 78 लाखांना. खालची मर्यादाही होती, 2 कोटी 15 लाखांची. तिला ‘किमान वेतन’ म्हणू नका, आपल्याकडे त्याचा अर्थ पूर्ण वेगळा आहे.

‘रेव्हेन्यू’चा ‘महसूल’ करू नये, ‘नफा’ तर मुळीच नको. महसूल म्हटले की तलाठी आणि तहसील डोळ्यांपुढे येतात. ‘हॉकीशी निगडित उत्पन्न’ लिहा. 2013 च्या तडजोडीत खेळाडूंचा वाटा 57 टक्क्यांवरून 50 वर आला तो उत्पन्नातला वाटा. तिथे नफा लिहिले तर तोट्यातल्या वर्षी खेळाडूंना काहीच मिळाले नाही असा अर्थ निघेल.

एस्क्रोला ‘अनामत’ चालेल, पण रीत सांगावी लागेल. हंगाम सुरू असताना प्रत्येक पगारातून ठरावीक टक्के कापून बाजूला ठेवतात. वर्षअखेर हिशेब होतो. समजा उत्पन्न 100 आणि खेळाडूंचा वाटा 50 टक्के, पण सगळ्या करारांची बेरीज 53 भरली. तर वरचे 3 अनामतीतून संघमालकांकडे जातात. म्हणजे प्रत्येकाच्या करारातले साधारण 5.7 टक्के गेले. त्याहून जास्त कापले असेल तर उरलेले खेळाडूंना परत. ‘अनामत जप्त’ मात्र नको, तो निवडणुकीतला शब्द आहे आणि त्यात नामुष्की आहे. इथे कोणाचा दोष नसतो, केवळ हिशेब जुळवला जातो.

पानखूण
‘खेळाडूंनी 24 टक्के कपात स्वीकारली’ असे एक वाक्य आहे. ते ठीक?

तेरीज
‘वेतनकपात’ करा. नुसत्या ‘कपात’ने नोकरकपात वाटते. आणि ‘स्वीकारली’ नको. डिसेंबर 2004 मध्ये चालू करारांवर 24 टक्के वेतनकपातीचा प्रस्ताव संघटनेने स्वतः मांडला होता. लीगला तो पुरेसा वाटला नाही, कारण त्यात वेतनखर्च मर्यादा नव्हती. फेब्रुवारीत संघटनेने मर्यादाही मान्य केली, तरी लीगचे 4 कोटी 25 लाख आणि संघटनेचे 4 कोटी 90 लाख डॉलर या दोन आकड्यांवर बोलणी फिसकटली. शेवटी ठरलेली मर्यादा लीगच्या त्या आकड्याहूनही खाली गेली.

पाळी
कोणी केव्हा काम थांबवले ते पाहिले तर शब्द आपोआप जागेवर बसतात. एनएचएलमध्ये खेळाडूंचा पगार साखळी सामन्यांपुरता असतो. संघमालकांची मोठी कमाई बाद फेरीत होते आणि तोपर्यंत पगार देऊन झालेले असतात. म्हणून खेळाडूंचे बळ एप्रिलमध्ये सर्वाधिक, मालकांचे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. 1992 चा संप बाद फेरीच्या तोंडावर झाला, तिन्ही टाळेबंद्या पहिला पगार व्हायच्या आधी. 1993-94 चा हंगाम कराराविना खेळला गेला, तसाच पुढचा खेळू दिला तर पुन्हा एप्रिलमध्ये संप होईल, ही मालकांची भीती 1994 च्या टाळेबंदीमागे होती. त्यामुळे ‘करार संपल्याने काम थांबले’ हे वाक्यही अपुरे आहे. करार संपल्यावरही खेळ चालू राहू शकतो, कोणीतरी तो थांबवावा लागतो.

पानखूण
दोघांनाही दोष न देणारा शब्द हवा असेल तर? ‘कामबंद’?

पाळी
‘कामबंद आंदोलन’ कर्मचारीच करतात, म्हणून तोही एका बाजूला झुकतो. चारही घटनांना मिळून ‘हंगामातला खंड’ म्हणता येईल.

ळकार
2013 च्या तडजोडीच्या वाक्यात ‘लवाद’ आले असेल तर बदला. स्कॉट बेकनबॉ हे अमेरिकी सरकारचे मध्यस्थ होते. न्यूयॉर्कमध्ये दोन्ही बाजूंकडे खेपा घालून त्यांनी बोलणी जुळवली, पण निवाडा देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. लवादाचा निवाडा बंधनकारक असतो. एनएचएलमध्ये लवाद आहे, तो एकेका खेळाडूच्या पगाराचा वाद सोडवतो.

पानखूण
दुरुस्त वाक्य असे करतो : ‘नव्या सामूहिक करारावर एकमत न झाल्याने संघमालकांनी सप्टेंबर 2004 मध्ये टाळेबंदी जाहीर केली. ती उठण्याआधीच, फेब्रुवारी 2005 मध्ये, लीगने पूर्ण हंगाम रद्द केला.’

गेटपास
बरोबर. ती जुलै 2005 मध्ये उठली, तेही जोडा. आणि मजकूर आजपर्यंत आणायचा असेल तर : जुलै 2025 मध्ये पुढचा करार जुना संपायच्या चौदा महिने आधी मंजूर झाला. त्या वाक्यात संपही नको आणि टाळेबंदीही नको.