नादाला लावणारा गेम कोणता?

पहिला खेळलेला व्हिडिओ गेम विचारत नाहीये. तो योगायोगाने ठरतो, जे समोर आलं ते खेळलो. आवडता गेमही नको, त्यावरून नुसती भांडणं होतात. मला हवाय तो गेम, ज्याच्या आधी तुम्ही बटणं बडवत होतात आणि ज्याच्यानंतर डोक्यात किडा शिरला: हे असं का ठेवलंय? कोणाच्या डोक्यातून आलं?

माझ्यापासून सुरुवात करतो. प्रिन्स ऑफ पर्शिया, १९८९ चा. बारा लेव्हल, साठ मिनिटं, आणि मेलात तरी घड्याळ चालूच. चौथ्या लेव्हलला वाटेत आरसा आडवा येतो. मागून पळत येऊन थेट आरशावर उडी मारायची. आपण आरपार जातो आणि उलट्या बाजूने आपलीच सावली बाहेर पडून पळून जाते. या गेममध्ये जीव त्रिकोणांत मोजतात; आपला एकच त्रिकोण उरतो. मग पाचव्या लेव्हलला ती आपल्या तोंडची बाटली पिऊन टाकते, सहाव्याला तोंडावर दार लावते. बाराव्याला तलवार उपसून समोर उभी. मी वार केला की माझाच त्रिकोण कमी व्हायचा. तिला संपवलं की मीच मरायचो. आठवडाभर हेच. एकदा वैतागात चुकीचं बटण दाबलं गेलं आणि तलवार म्यान झाली. तिनेही म्यान केली. मी पुढे धावलो, तीही धावली, आणि दोघं एक झालो. मी खुर्चीवरून उठून खोलीत एक फेरी मारून आलो.

नंतर कळलं की हा गेम बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाला धावताना, उड्या मारताना व्हिडिओवर टिपून त्यावरून राजपुत्राच्या हालचाली काढल्या होत्या. त्यात मेमरी इतकी खर्ची पडली की दुसरं पात्र घालायला जागा दिसेना. म्हणून राजपुत्राचीच चित्रं वापरून सावली केली. म्हणजे जागेच्या टंचाईने माझा एक आठवडा खाल्ला.

आता तुम्ही सांगा.

*

ताईच्या हातात गेमचा नायक सॉनिक, माझ्या हातात त्याचा साथीदार टेल्स. सॉनिक २, १९९२. ज्यांना मोठं भावंड आहे त्यांना पुढचं सांगायची गरज नाही.

स्क्रीन सॉनिकच्या मागे पळते. मी मागे पडलो की स्क्रीन थांबत नसे आणि ताई तर मुळीच थांबत नसे. थोड्या वेळाने टेल्स दोन शेपट्या पंख्यासारख्या फिरवत वरून उडत यायचा, पुन्हा दोन सेकंद दिसायचा, पुन्हा गायब. मी बरेच दिवस याला खेळणं म्हणत होतो.

एकदा बॉसपाशी, म्हणजे टप्प्याच्या शेवटच्या मोठ्या शत्रूपाशी, आम्ही अडकलो. ताई चिडलेली. मी नेहमीप्रमाणे उगाच उड्या मारत होतो आणि माझ्या लक्षात आलं, मला मार बसला तरी काही होत नाहीये. खाली पडलो तरी उडत परत येतोय. लाइफ फक्त ताईच्या जातात. आणि माझा फटका मात्र बॉसला लागतोय! मी म्हटलं, तू कोपऱ्यात उभी राहा, हलू नकोस. आठ फटके. मी मोजून मारले. ताई कोपऱ्यात उभी राहिली हीच खरी बातमी. त्या दिवसापासून प्रत्येक बॉसला ती म्हणायची, "जा रे, तुझं काम आलं."

*

स्पेस इन्व्हेडर्स. मी तो फार उशिरा, प्रोग्रॅमिंग शिकताना खेळलो. शत्रू कमी होत जातात तसा त्यांचा वेग वाढतो आणि शेवटचा एकटा तर पिसाळल्यासारखा पळतो. मला वाटलं, काय डोकं लावलंय. वस्तुस्थिती अशी की १९७८ मधल्या त्या यंत्राला एवढे सगळे शत्रू पडद्यावर रेखाटताना धाप लागायची. मारत गेलं की त्याचा भार हलका व्हायचा आणि उरलेले भरभर हलायचे. गेम बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादोने ते पाहिलं आणि दुरुस्त न करता तसंच ठेवलं. मी तेव्हापासून माझे बग, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका, दुरुस्त करण्याआधी एकदा नीट बघतो. अजून एकही ठेवण्यालायक निघालेला नाही.

*

मी या मंडळींत वयाने मोठी असेन. मुलाचा गेमबॉय, म्हणजे हातात धरून खेळायचं यंत्र, होता; मुलगा झोपला की माझी पाळी. टेट्रिस. वरून पडणारे तुकडे रचायचे, आडवी ओळ भरली की ती नाहीशी होते. सातच तुकडे, प्रत्येकात चार चौकोन. मॉस्कोतल्या अलेक्सेय पाजितनोव यांनी १९८४ मध्ये केला, हे मला पुष्कळ नंतर मुलानेच सांगितलं.

सुरुवातीला ओळ जमली की लगेच मोडायचे. एक एक ओळ. मग एका रात्री उजवीकडची उभी पट्टी रिकामी ठेवून बाकी सगळं भरत गेले आणि लांब काठीची वाट बघत बसले. ढीग वर चढतोय, काठी येत नाही. चौकोन येतो, झेड येतो, पुन्हा झेड. आता गेलंच म्हणताना काठी आली, ती सरळ खाली सोडली आणि चार ओळी एकदम गेल्या. अंधारात मी मोठ्याने हसले, मुलगा उठून बसला.

डोळे मिटले की तुकडे पडताना दिसायचे. कपाट लावताना डब्यांमधल्या फटी खुपायच्या. याला म्हणे टेट्रिस इफेक्ट असंच नाव आहे. नव्या आवृत्त्यांत बहुधा सातही तुकडे एकेकदा येऊन गेल्याशिवाय पुढचे सात सुरू होत नाहीत, त्यामुळे दोन काठ्यांच्या मध्ये फार तर बारा तुकडे येतात. मुलाला ते न्याय्य वाटतं. मला नाही. बारा मोजून काठी येणारच असेल तर मी जीव मुठीत का धरू?

*

काकू, दंडवत.

माझा मारिओ, १९८५ चाच. पहिल्या लेव्हलचा तो पहिला मशरूम. मी घाबरून त्याच्यापासून पळायला बघत होतो, कारण नुकतंच तसंच दिसणारं काहीतरी मला मारून गेलं होतं. पण मशरूम पुढच्या पाइपवर आदळून उलटा येतो, आणि उडी मारून चुकवावं तर डोकं वरच्या विटांना लागतं. तो अंगावर येतोच, आणि आपण मोठे होतो. गेमचे कर्ते मियामोतो यांनी हे जाणूनबुजून तसं रचलंय. आणि हो, ढग आणि झुडपं हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललाय. एकदा दिसलं की पुन्हा न दिसणं अशक्य, माफ करा.

*

डार्क सोल्स, २०११. मी स्वतःला त्याआधी दहा वर्षं गेमर म्हणवत होतो, त्यामुळे हे लिहिताना जरा लाज वाटते.

सुरुवातीलाच एक अवाढव्य राक्षस वरून अंगावर पडतो. त्याच्या हातात ओंडक्याएवढा हातोडा, माझ्या हातात तुटक्या तलवारीची मूठ. मी लढलो. मेलो. पुन्हा लढलो. सोळाव्या वेळी मरताना, कॅमेरा फिरला म्हणून, डाव्या भिंतीत उघडं दार दिसलं. सोळा वेळा! ते दार पहिल्यापासून उघडंच होतं. बॉस आला की मारायचाच, ही सवय इतर गेमनी लावलेली. इथे पळायचं होतं. आत शस्त्र मिळतं, फिरून वर येतो तर त्याच राक्षसाच्या डोक्यावरचा सज्जा. तिथून उडी टाकून थेट डोक्यात तलवार. त्याचा निम्माशिम्मा जीव तिथेच गेला आणि मी ओरडलो.

लोक म्हणतात हा गेम अवघड आहे. माझ्या मते तो अवघड कमी आणि लक्ष द्यायला लावणारा जास्त आहे. पण मग शंभर तासांनी कंट्रोलर गादीवर आपटला होता, तेही नमूद करतो.

*

पोकेमॉन रेड. सेव्हची जागा एकच. धाकट्याने "नवीन गेम" घेऊन सेव्ह केलं. अधिक बोलवत नाही.

*

माझा हात आजारपणानंतर थरथरतो. मी गेम सोडूनच दिले होते. सेलेस्ट, २०१८, डोंगर चढणाऱ्या मुलीचा. त्यात असिस्ट मोड आहे. गेमचा वेग दहा-दहा टक्क्यांनी कमी करत अर्ध्यावर आणता येतो. मी सत्तरवर ठेवला. आधी चोरी केल्यासारखं वाटलं. मग वाचलं की ही सवलत न घेणाऱ्यालाही गेम गुपचूप मदत करतोच: कड्यावरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडीचं बटण चालतं. सगळ्यांनाच हात देतोय तर मला थोडा जास्त दिला. शेवटचा चढ मी ऐंशीवर चढले.

*

जर्नी, २०१२. वाळवंटात एकट्याने चालायचं, दूर एक डोंगर. मध्येच लाल झग्यातलं आणखी एक कोणीतरी दिसतं. ते जगात कुठेतरी बसलेलं खरं माणूस असतं. बोलता येत नाही, नाव दिसत नाही, फक्त एक सूर काढता येतो.

मला भेटलेल्या त्या सोबत्याला वाटा ठाऊक होत्या. एक लपलेली खूण दाखवायला तो मागे वळून, सूर काढत, थांबून राहायचा. शेवटी बर्फ. गळ्यातली पट्टी झिजत जाते, पावलं जड होतात. जवळ चिकटून चाललं की दोघांच्याही पट्टीत थोडी चमक परत येते. मला पाणी प्यायला उठायचं होतं. उठले नाही, कारण तो थांबला असता.

गेम संपल्यावर वाटेत भेटलेल्यांची नावं येतात. माझ्या यादीत एकच होतं. मी ते कागदावर लिहून ठेवलं. निरोप काही पाठवला नाही.