प्रतिसाद: पाच माणसांना वाटाणा-वाल किती लावावा?

वाल आणि वाटाणा एकाच मापानं मोजू नका. वालाचे दोन-तीन वेल सांदवाडीच्या (घरामागच्या परसबागेच्या) कुंपणावर चढवले की झालं. हिवाळाभर वांगी-वालाची भाजी होऊन वर शेजाऱ्यांनाही जाते. वाटाण्याचं गणित मात्र कडक. किलोभर शेंगा सोलल्या की दाणे जेमतेम अर्धा किलो, म्हणजे पाच जणांची एक भाजी. चांगला साधला तर किलोला साधारण 10 चौरस फूट जागा धरा. आठवड्यातून दोनदा, महिनाभर खायचा तर 80 चौरस फूट! (पोरं कच्चेच खातात, ते वेगळं.) सगळा एकदम पेरू नका. ऑक्टोबरच्या मध्यापासून पंधरा दिवसांच्या अंतरानं तीनदा पेरा. उशीर नको, आपल्याकडं फेब्रुवारीतच ऊन तापतं अन् फुलं गळतात.